साबण, सोडा आणि धुणाऱ्याचे हात

सुपरमार्केटमधली कपडे धुण्याच्या साबणांची रांग कधी नीट वाचलीय का तुम्ही? भाव नव्हे, मागच्या बाजूचं बारीक अक्षरातलं. एकावर 'नॅचरल', एकावर लिंबू, एकावर गुबगुबीत बाळाचा फोटो, एकावर जंतूंचं कार्टून. आता ज्याची त्वचा नाजूक आहे, अंगावर चटकन पुरळ उठतं, आणि ज्याला घरात आणखी प्लास्टिक आणायचं नाहीये, त्याने यातून उचलायचं काय?

आमच्या धंद्यात एक सवय लागते. सिस्टिम विचित्र वागायला लागली की आधी तिचा इतिहास काढायचा. हा कोड कुणी लिहिला, कधी, आणि कुठला बग मारण्यासाठी? साबणाच्या पुड्याचंही तसंच आहे. त्यातली प्रत्येक गोष्ट कधीतरी कुठल्यातरी जुन्या दुखण्यावरचा उपाय म्हणून आत शिरलेली आहे. तर या वीकएंडला तो इतिहास.

सुरुवात अर्थातच रिठ्यापासून. रिठ्याच्या झाडाचं शास्त्रीय कुळनाम 'सॅपिंडस'. म्हणजे लॅटिनमध्ये चक्क 'हिंदुस्थानी साबण'! त्याच्या सालीत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा फेस होतो आणि ते तेलकट मळ सैल करतं. शालू, पैठणी, लोकरीची शाल, सोन्याचे दागिने हे सगळं आजीच्या हाताखाली रिठ्याच्या पाण्यातूनच जायचं, आणि त्यामागे शहाणपण होतं. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं. तीव्र खार त्यांना खातो, रिठा खात नाही.

पण रोजच्या सुती धुण्याला रिठा पुरायचा नाही. तिथे खार लागायचा. परीट कपडे खाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवायचे, मग घाटावर आपटायचे. परीटघडीचा तो पांढराशुभ्र सदरा मुख्यतः खार, वाफ आणि मनगट यांची कमाई. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, पीएच साधारण पाच. धुण्याच्या सोड्याचं पाणी अकराच्या आसपास. ही मोजपट्टी दर पायरीला दहापट वाढते, म्हणजे पाच ते अकरा हा फरक दहा लाख पटींचा. परटाच्या हातांचं काय होत असेल ते सांगायला नको.

याच जुन्या धोबीघाटाची एक गंमत (गंमत कसली!) वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेली आहे. कुणाचा कपडा कुठला हे कळावं म्हणून परीट कॉलरच्या आत किंवा कमरपट्टीवर बिब्ब्याच्या तेलाने खूण करायचे. चुन्याबरोबर ती काळी पक्की व्हायची, कितीही धुतली तरी जायची नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर खाज आणि फोड उठायला लागले. डॉक्टरांनी छडा लावला, तर दोषी होती ती धोब्याची खूण. १९४३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यावर लेखच आला. बिब्बा उततो हे आपल्याकडे कुठल्याही आजीने सांगितलं असतं म्हणा. पण मुद्दा लक्षात ठेवा: कपड्यामुळे पुरळ आलं म्हणजे दोष साबणाचाच असतो असं नाही. पुढे कामाला येईल.

आता साबण. तेल किंवा चरबी अधिक खार बरोबर साबण, ही कृती जुनीच. अडचण होती खाराची, तो राखेतून मिळवावा लागायचा. १७९१ साली निकोला लब्लां या फ्रेंच माणसाने साध्या मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि साबण स्वस्त व्हायचा रस्ता उघडला. त्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर इतका निघायचा की आजूबाजूची झाडं जळायची. शेवटी ब्रिटिश पार्लमेंटला १८६३ साली त्यावर कायदा करावा लागला. म्हणजे 'स्वच्छ कपडे, घाण गाव' हा प्रकार आपल्या पिढीचा शोध नव्हे.

१८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात लिव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाची खोकी उतरली. पुढे स्वदेशीचा काळ आला. आर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, नाव 'चावी'. आपल्या घरांत चरबीचा साबण हा सोवळ्याओवळ्याचा प्रश्न होता, त्यामुळे 'आत नक्की काय आहे?' हा प्रश्न गिऱ्हाइकाने शंभर वर्षांपूर्वीही विचारलेला आहे. १९१७ साली टाटा ऑइल मिल्स निघाली, तिची '५०१' ची वडी पुढे कित्येक घरांत असायची. लिव्हरने १९३४ साली मुंबईत शिवडीला साबण बनवायला सुरुवात केली. आणि हे सगळं यायचं कागदात गुंडाळून. प्लास्टिक अजून दाराबाहेरच होतं.

साबणात एक मूळचा बग मात्र आहे. पाणी जड असलं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं, की साबण त्यांच्याशी जुळून चिकट साका होतो. फेस येत नाही, कपडा करडा पडतो आणि तो साका धाग्यात बसतो. बोअरवेलच्या पाण्यावर राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यावरचा पॅच म्हणजे डिटर्जंट. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला तेव्हा रसायनातून साबणाला पर्याय शोधला गेला. १९३३ साली अमेरिकेत ड्रेफ्ट आलं, १९४६ साली टाइड. आपल्याकडे १९५९ साली सर्फ आलं आणि वडी घासायच्या ऐवजी कपडे बादलीत भिजत घालायची पद्धत रुजली. जड पाण्यातही फेस! पण सर्फ महाग होतं. बहुतेक घरं वडीवरच राहिली.

मग १९६९. अहमदाबादचे करसनभाई पटेल सरकारी नोकरीतले केमिस्ट. त्यांनी घरी पिवळी पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. मुलीच्या नावावरून नाव ठेवलं निरमा. भाव मोठ्या कंपन्यांच्या पावडरीच्या जवळपास एक तृतीयांश. ज्या घरांना डिटर्जंट परवडतच नव्हतं त्या घरांत ते पोचलं. माझ्या मते ही या देशातल्या घरकामाच्या इतिहासातली मोठी घटना आहे, कारण बाईच्या रोजच्या श्रमातले काही तास त्यात वाचले.

पण स्वस्ताई कुठून आली? त्या पावडरीत सोड्याचं प्रमाण भरपूर असायचं. सोडा स्वस्त, मळ काढतो, आणि हातांची साल काढतो. हिंदुस्तान लिव्हरने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस 'व्हील' उतरवलं तेव्हा हात न जळणं हा त्याच्या प्रचाराचा मोठा मुद्दा होता. म्हणजे हात जळतात हे सगळ्यांना माहीत होतं. आणि याच लाटेत कागदाची जागा प्लास्टिकच्या पिशवीने घेतली. पावडरीला दमट हवा चालत नाही, आपल्याकडे चार महिने पाऊस. पिशवी स्वस्त आणि कोरडी. मागाहून एका धुण्यापुरत्या छोट्या पुड्या आल्या, आणि बहुपदरी प्लास्टिकचे ते चिटोरे, जे भंगारवालाही घेत नाही, गटारात जाऊन बसले.

इकडे नद्यांचं वेगळंच चालू होतं. सुरुवातीच्या डिटर्जंटमधलं मुख्य रसायन फांद्याफांद्यांच्या रचनेचं होतं. जिवाणूंना ते खाताच येईना, त्यामुळे युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. साठच्या दशकात तिथल्या उद्योगांनी सरळ साखळीचं रसायन घेतलं, ते बऱ्यापैकी विघटित होतं. मग फॉस्फेटचा प्रश्न: पाणी मऊ करायला घातलेलं फॉस्फेट तळ्यात जाऊन शेवाळाचं खत झालं. युरोपीय संघाने २०१३ पासून घरगुती कपड्यांच्या डिटर्जंटमध्ये त्यावर कडक मर्यादा घातली. आपल्याकडे? बंगळुरूचं बेळंदूर तळं २०१५ साली फेसाने भरून रस्त्यावर आलं, आणि त्याला आगही लागली. त्यात सांडपाणी, कारखाने सगळ्यांचा वाटा होता, पण धुण्याचं पाणीही होतंच.

एन्झाइमची गोष्ट तर धडाच आहे. साठच्या दशकात डाग खाणारी एन्झाइमं पावडरीत आली. गिऱ्हाईक खूश. १९६९ साली 'लॅन्सेट'मध्ये फ्लिंट या ब्रिटिश डॉक्टरांनी लिहिलं की ही पावडर बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना धुळीमुळे श्वासाचे विकार होतायत. मग एन्झाइमच्या कणांवर वेष्टण घालायला सुरुवात झाली. वापरणाऱ्यांच्या त्वचेवर मात्र एन्झाइमचा दोष नंतरच्या तपासण्यांत फारसा सिद्ध झाला नाही. म्हणजे त्रास झाला तो बनवणाऱ्याला, आणि घाबरला घालणारा.

असो. आता मूळ प्रश्नाकडे. या इतिहासातून निवड कशी करायची?

पहिलं, नाजूक त्वचा कुणाची ते ठरवा. कपडा घालणाऱ्याची की धुणाऱ्याची? घालणाऱ्याच्या बाबतीत बातमी चांगली आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका बहुकेंद्री अभ्यासात सातशेहून जास्त रुग्णांच्या पॅच टेस्ट केल्या, त्यात डिटर्जंटची अ‍ॅलर्जी निघाली एक टक्क्याहून कमी लोकांत. नीट खळबळलेल्या कपड्यात साबण फार थोडा उरतो. म्हणून पुरळ हटत नसेल तर ब्रँडमागून ब्रँड बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन पॅच टेस्ट करा. बिब्बा आठवा. दोषी कपड्याचा रंग किंवा भलतंच काही असू शकतं.

दुसरं, वास टाळा. सुगंधी द्रव्यं हे अ‍ॅलर्जीचं नेहमीचं कारण, आणि 'नॅचरल' लिंबू-लॅव्हेंडरचं तेल त्याला अपवाद नाही. त्यातले लिमोनिन आणि लिनॅलूल हवेशी संयोग पावले की त्वचेला जास्तच झोंबतात.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात आवडलं: त्वचा आणि प्लास्टिक, दोघांचं उत्तर बऱ्याचदा एकच निघतं. लिक्विडमध्ये पाणी असतं, म्हणून ते सडू नये यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह लागतं. त्यातल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोनला अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगाच्या डॉक्टरांच्या संस्थेने २०१३ साली 'वर्षातला अ‍ॅलर्जेन' ठरवलं होतं. कोरड्या पावडरीला त्याची गरजच नाही, आणि ती पुठ्ठ्याच्या खोक्यात येऊ शकते. म्हणजे बिनवासाची, पुठ्ठ्यातली पावडर हा साधा, जुनाट वाटणारा पर्याय दोन्ही परीक्षांत पास. खोकं मिळत नसेल तर एक मोठी पिशवी दहा छोट्यांपेक्षा बरी. पाण्यात विरघळणाऱ्या पॉड्सचं आवरणही पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नावाचं पॉलिमरच असतं. ते दिसेनासं होतं, पण पूर्ण विघटित होतं का यावर अजून वाद आहे.

चौथं, पाणी ओळखा. धरणाचं मऊ पाणी येत असेल तर साधी साबणाची वडीही चालेल. टँकर-बोअरवेल असेल तर साबणाधारित 'इको' पावडर साका सोडेल. तिथे सायट्रेट किंवा झिओलाइट घातलेलं, फॉस्फेट नसलेलं डिटर्जंट घ्या. रिठा रेशमाला, लोकरीला उत्तम, पण मातीच्या आणि तेलाच्या डागांपुढे तो हात टेकतो. त्याचं पाणी दोनचार दिवसांत आंबतं, म्हणून लागेल तेवढंच करा. आणि डोळ्यांपासून लांब.

पाचवं, कमी घाला. जाहिरातीतला फेस हा स्वच्छतेचा पुरावा नाही. मापाने घाला, एकदा जास्त खळबळा.

सरकारी खुणेचं म्हणाल तर १९९१ पासून आपल्याकडे 'इकोमार्क' आहे, मातीच्या माठाचं चित्र. साबण आणि डिटर्जंट त्या योजनेत होते. २०२४ साली तिचे नवे नियम आले. तुमच्या घरातल्या पुड्यावर तो माठ दिसतो का बघा. :)

आणि राहता राहिला धुणारा. त्याच्या बाबतीत बातमी चांगली नाही. रोज तासभर सोड्याच्या पाण्यात हात घालणाऱ्या माणसाला होतो तो बहुतेकदा अ‍ॅलर्जीचा नव्हे, साध्या झिजेचा त्वचारोग. तो कुणालाही होतो, त्यासाठी त्वचा नाजूक असावी लागत नाही. आपल्या अनेक घरांत मशीनमध्ये बाळाच्या फोटोवालं महागडं लिक्विड असतं, आणि मोरीत धुणं-भांडी करणाऱ्या मावशींसाठी सगळ्यात स्वस्त निळी वडी. परटापासून आजतागायत साबणाचा प्रत्येक पॅच कपड्यासाठी, कारखान्यासाठी, फार तर नदीसाठी निघाला, आणि ज्याचे हात पाण्यात त्याला शेवटी विचारलं गेलं.

तेव्हा या वेळी साबण बदलणार असाल तर मोरीतलाही बदला. कमी सोड्याचा, बिनवासाचा. सोबत त्यांच्या मापाचे रबरी हातमोजे आणि नळाशेजारी खोबरेल तेलाची वाटी. आणि त्यांना विचारा, की मावशी, कुठल्या साबणाने हात कमी झोंबतात? गेली वीस वर्षं त्या टेस्टिंगच करतायत. रिझल्ट फक्त कुणी मागितला नाही.