रुमाल टाकलेली जागा आणि विकत घेतलेले आसन

प्रवासात आपली जागा दुसऱ्यास देणे हा आपल्याकडे सौजन्याचा भाग मानला जातो. इतिहासाचा विषय म्हणून त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तथापि अलीकडे विमानप्रवासात एक प्रश्न वारंवार उभा राहू लागला आहे. आईचे आसन चौथ्या रांगेत, सहा वर्षांच्या मुलाचे अठराव्या रांगेत. मुलाशेजारच्या अनोळखी प्रवाशाला विनंती होते, "आपण तेवढे पुढे बसाल का?" त्या गृहस्थाने ते आसन वेगळे पैसे भरून राखून घेतलेले असते. तो उठला तर भला माणूस आणि न उठला तर माणुसकी नसलेला, असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. हा निवाडा न्याय्य आहे काय, हे ठरवायचे तर 'राखीव जागा' ही गोष्ट आपल्याकडे कशी घडत गेली, ते आधी पाहावे लागेल.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी गेली. पुढे कित्येक दशके तिसऱ्या वर्गाच्या उतारूस तिकिटाने मिळे तो गाडीत शिरण्याचा हक्क; अमुक एका जागेचा नव्हे. १८९० च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक कप्प्यात जास्तीत जास्त किती उतारू न्यावयाचे ते ठरवून तो आकडा ठळकपणे लिहिण्याचे बंधन घातले. त्याच कायद्याने प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा स्त्रियांसाठी राखण्यास सांगितले. सामान्य उतारूच्या वाट्याला आलेले हे पहिले 'आरक्षण' व्यक्तीच्या नावाचे नव्हते, समूहाचे होते. त्यामुळे कुटुंबाची फाटाफूट तेव्हाही होई. आई व लेकरे बायकांच्या डब्यात, वडील दुसरीकडे. स्टेशन आले की वडिलांनी फलाटावरून पाण्याचा तांब्या खिडकीतून द्यावयाचा. पण त्या विभागणीत लहान मूल आईपासून तुटत नसे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जेथे क्रमांक नव्हते तेथे लोकांनी स्वतःचे नियम केले. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची रीत तिच्या थांब्याथांब्यावर रुळली आणि रुमालाचा मान राखलाही गेला. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकावयाचे, हा कोणत्याही पुस्तकात नसलेला कायदा आहे. आम्हा इंदूरकरांच्या आधीच्या पिढ्या मीटर गेजच्या गाडीने खांडव्यास जात व तेथे मुंबईची गाडी पकडत. ट्रंका, वळकट्या आणि फराळाचे डबे घेऊन लग्नाला निघालेले बिऱ्हाड डब्यात चढले की "जरा सरकून घ्या" एवढ्या तीन शब्दांवर भागे. येथे देणाऱ्याचे काही हिरावले जात नव्हते. जागा कोणाचीच नव्हती, म्हणून ती सर्वांची होती. आणि आज सरकून घेणाऱ्याला उद्या स्वतःसाठी कोणी तरी सरकावे लागणारच होते.

पुढे झोपण्याच्या जागा राखण्याची पद्धत वाढली. १९८५ साली दिल्लीत आरक्षणासाठी संगणक आला आणि २००२ पासून घरबसल्या तिकिटे काढता येऊ लागली. जागेला नाव, वय आणि क्रमांक चिकटला. पण रेल्वेने जुन्या रीतीला पुरता निरोप दिला नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे ५३ वे कलम सांगते की, एकाच्या नावाचे तिकीट दुसऱ्याने वापरता कामा नये. मात्र त्याच कलमाला परंतुक असे आहे की, एकाच गाडीतील उतारूंनी आपसांत आसन किंवा बर्थ बदलून घेण्यास या कलमाने आडकाठी येणार नाही. सरकारी नोकरीत आयुष्य घालवल्यामुळे कायद्यातील परंतुके वाचण्याची आम्हांस सवय आहे. त्यांत इतके माणसाळलेले परंतुक क्वचितच भेटते. लोकांत आधीपासून चालत आलेल्या व्यवहाराला कायद्याने दिलेली ती मान्यताच होय.

आरएसी म्हणजे तर एका बाजूच्या बर्थवर दोन अनोळखी उतारूंनी बसून जाण्याची अधिकृत सोयच. शिवाय एका अर्जावर सहाच माणसांची तिकिटे निघतात. सातव्या माणसासाठी दुसरा अर्ज आला की कुटुंब दोन डब्यांत जाऊ शकते. प्रतीक्षायादीवरून वर सरकलेल्यांना तर गाडीभर विखुरलेल्या जागा मिळतात. मग गाडी सुटल्यावर अदलाबदलीची साखळी सुरू होते. आजीला खालचा बर्थ हवा, तरुणाला वरचा चालतो, तिकीट तपासनीस मध्यस्थी करतो. हाताशी सबंध रात्र असते आणि तोवर शेजाऱ्याच्या डब्यातील चिवडाही आपल्याकडे आलेला असतो. विनंतीला ओळखीचा आधार मिळतो.

विमानाची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस आणलेले विमान मुख्यतः टपालाचे होते. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९९४ मध्ये त्यासंबंधीचा कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना दार खुले झाले. या साऱ्या काळात तिकीट म्हणजे एकसंध वस्तू होती. भाडे, सामान, जेवण आणि आसन यांची किंमत एकच. विमानतळावर कुटुंब एकत्र आले की खिडकीवरील कर्मचारी शक्य तर शेजारशेजारची आसने देई. २००३ मध्ये एअर डेक्कन या स्वस्त सेवेने तर क्रमांकच ठेवला नाही. आधी येईल त्याने हवे तेथे बसावे. एस. टी. चा रुमाल जणू धावपट्टीवर आला! अमेरिकेत साउथवेस्ट या कंपनीने १९७१ पासून अशीच पद्धत चालवली होती. जानेवारी २०२६ मध्ये तिनेही ती सोडून दिली.

कलाटणी मिळाली ती तिकिटाचे तुकडे झाल्यामुळे. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने काही सेवांचे पैसे वेगळे आकारण्याची मुभा कंपन्यांना दिली. त्यांत पसंतीच्या आसनाचा समावेश होता. यामागे तर्क होता. ज्याला खिडकी नको त्याने खिडकीचे पैसे का द्यावेत? पण या तर्काचा एक परिणाम साधे गणित मांडले की दिसतो. तीन-तीन आसनांच्या तीस रांगांचे विमान घेतले तर एकशे ऐंशी आसनांपैकी साठ खिडकीची, साठ वाटेलगतची आणि साठ मधली. एकट्याने जाणारे पैसे भरून खिडक्या आणि वाटेलगतच्या जागा घेतात. उरतात मधल्या जागा. आणि कोणत्याही दोन मधल्या जागा एकमेकींच्या शेजारी नसतात. ज्या कुटुंबाने वेगळे पैसे भरले नाहीत, ते असे विखुरले जाते. यात कोणाचा दुष्टावा नसतो; मांडणीच तशी आहे.

म्हणूनच रेल्वेच्या डब्यातील विनंती आणि विमानातील विनंती दिसायला सारखी असली तरी जातीने वेगळी आहे. डब्यात टंचाई सर्वांची समान होती. विमानात एकाने किंमत मोजली आहे, दुसऱ्याने मोजलेली नाही, आणि जिने किंमत घेतली ती कंपनी त्या दोघांच्या संवादात कोठेच नसते. तिने निर्माण केलेली अडचण मिटवण्याचा भार एका अनोळखी प्रवाशाच्या चांगुलपणावर पडतो. तोही दरवाजे बंद होण्याच्या घाईत, दहा माणसे पाहत असताना. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये एका तरुणीने खिडकीजवळचे आपले आसन एका रडणाऱ्या मुलासाठी सोडण्यास नकार दिला. दुसऱ्या प्रवाशाने तिचे चित्रण केले आणि ते जगभर पसरले. पुष्कळांनी त्या तरुणीचीच बाजू घेतली, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. नकाराची मोकळीक नसेल तर होकाराला सौजन्य म्हणता येत नाही. ती वसुली होते.

कायद्याला ही गोष्ट उशिरा का होईना उमगली. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या महासंचालनालयाने कंपन्यांना बजावले की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या पालकांपैकी निदान एकाबरोबर आसन दिले पाहिजे आणि त्याची नोंद ठेवली पाहिजे. अमेरिकेतही त्याच वर्षी तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अशा स्वरूपाचा नियम प्रस्तावित झाला. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. संकटकाळी भरलेले विमान नव्वद सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, अशी विमानांची कसोटी असते. त्या वेळी मूल चौदा रांगा मागे असेल तर कोणती आई दाराकडे धावेल? ती उलट दिशेने जाईल आणि वाट अडेल. म्हणजे मुलाला आईजवळ बसवणे हे सहप्रवाशांच्याही हिताचे आहे. आणि जे सर्वांच्या हिताचे, ते एकाच्या औदार्यावर सोडणे शहाणपणाचे नव्हे.

तेव्हा नियमाने कंपनीचे कर्तव्य कंपनीकडे सोपवले, हे योग्यच झाले. प्रवाशांनीही एका पीएनआरवर तिकिटे काढावीत, अडचण विमानात शिरण्यापूर्वी खिडकीवर सांगावी, आणि मागायचीच वेळ आली तर निदान बरोबरीची जागा देऊ करावी. खिडकीच्या बदल्यात मधले आसन पुढे करणे म्हणजे अदलाबदल नव्हे.

असे असले तरी नियमाची रेघ बाराव्या वर्षाशी थांबते. आज इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील कितीतरी मराठी घरांतील वृद्ध जोडपी मुलांकडे बंगळुरूस किंवा थेट अमेरिकेस जाऊ लागली आहेत. एकाला ऐकू कमी येते, दुसऱ्याला सूचना वाचता येत नाहीत. दोघे मिळून एक प्रवासी पुरा होतो. त्यांना वेगळे बसवले तर २०२४ चा तो आदेश त्यांच्या मदतीला येत नाही. जागा देण्याची जुनी रीत आता तेथे उपयोगी पडावी, असे आम्हांस वाटते. मुलांची काळजी नियमाने घेतली, तर आपल्या वाट्याला आलेल्या सौजन्याला या म्हाताऱ्यांसाठी अवकाश राहील. आणि ते मागणाऱ्यालाही लाजेने मान खाली घालावी लागणार नाही.