असईच्या रणांगणावर नसलेला वीर

जालना जिल्ह्यांत केळणा व जुई या नद्यांच्या दुआबांत असई हें गांव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीनें येथें शिंदे व भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. या पराभवाची मीमांसा करतांना कवायती पलटणी व तोफा यांचीच चर्चा फार होते. आमच्या मतें त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा कीं, यशवंतराव होळकर त्या दिवशीं तेथें कां नव्हते?

याचें उत्तर पुण्यांत सांपडतें. १७९७ मध्यें दौलतराव शिंद्यांच्या सैन्यानें छापा घालून यशवंतरावांचे बंधु मल्हारराव यांस ठार केलें. १८०१ मध्यें दुसऱ्या बाजीरावानें विठोजी या दुसऱ्या बंधूस हत्तीच्या पायीं दिलें. पुढें ऑक्टोबर १८०२ मध्यें यशवंतरावांनीं हडपसरजवळ शिंदे व पेशवे या दोघांच्याहि फौजांचा धुव्वा उडविला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईच्या तहानें इंग्रजांचा अंकित झाला.

हें वैर क्षुद्र होतें, असें आम्हांस म्हणवत नाहीं. भावांच्या रक्ताचा दावा खराच होता, व त्या जळजळीनेंच यशवंतरावांस सेनापति बनविलें. परंतु वीराला घडविणारें दुःखच पुष्कळदां त्याला दूरचें पाहूं देत नाहीं. शिंद्यांनंतर आपलीच पाळी, हें त्यांनीं वेळीं ओळखिलें नाहीं. १८०४ मध्यें ते स्वतः इंग्रजांशीं लढले, कर्नल मॉन्सनला त्यांनीं पिटाळून लाविलें. पण तोंवर शिंदे सुर्जी-अंजनगांवच्या तहानें बांधले गेले होते.