उघड्या पाठीचा आवाज

व्हॉल्व्हचे रेडिओ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या सेटची मागची बाजू आठवत असेल. समोर पॉलिश केलेले लाकूड, कापडाची जाळी, स्टेशनांची नावे लिहिलेली काच; आणि मागे भोके पाडलेला साधा पुठ्ठा. आतले व्हॉल्व्ह तापत, म्हणून हवा खेळती ठेवण्याची ती सोय होती. ‘सेट भिंतीला चिकटवून ठेवू नका’ असे घरातली मोठी माणसे बजावीत. कारण उष्णतेचे होते, पण त्यामुळे आवाजही मोकळा होत असे. रेडिओतला स्पीकर पुढे जितका बोलतो तितकाच मागेही बोलतो, आणि त्या पुठ्ठ्यातून मागचा आवाज खोलीत येई. आज आवाजाचे शौकीन लोक पेटी काढून टाकून नुसत्या फळीवर स्पीकर बसवतात आणि त्याला ‘ओपन बॅफल’ म्हणतात. आपल्या आजोबांच्या घरी ते नकळत नांदत होतेच.

या फळीचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. मुंबईचे रेडिओ केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. त्या काळी ऐकायचे म्हणजे कानाला हेडफोन लावायचा, नाहीतर ग्रामोफोनसारखा कर्णा जोडायचा. कर्ण्यातून आवाज मोठा येई, पण नाकातून आल्यासारखा. त्याआधी दोनच वर्षे, 1925 मध्ये, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी कर्ण्याशिवाय चालणाऱ्या स्पीकरवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला होता. कागदाचा शंकू, त्याच्या टोकाला तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याभोवती चुंबक. आजही बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात.

अडचण एकच होती. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. स्पीकर नुसता हातात धरला तर पुढचा दाब कडेवरून मागे पळतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. उंच स्वरांचे फारसे बिघडत नाही, कारण त्यांच्या लाटा आखूड असतात. खर्जाच्या लाटा मात्र लांबलचक. पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज 70 हर्ट्झच्या आसपास धरला तर त्याची एक लाट सुमारे 16 फुटांची होते. ती एवढ्याशा कडेला वळसा घालणारच. म्हणून स्पीकर मोठ्या फळीला भोक पाडून त्यात बसवायचा, म्हणजे पुढून मागे जाण्याची वाट लांबते आणि खर्ज वाचतो.

पुढे लोकांनी वाट लांबवण्याऐवजी बंदच केली. 1954 मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद पेटीचा छोटा स्पीकर तयार केला. कपाटाएवढ्या स्पीकरचा खर्ज लहान पेटीतून येऊ लागला आणि सगळे जग पेट्यांकडे वळले. आपल्याकडेही लाकडी रेडिओ मागे पडले आणि प्लॅस्टिकचे ट्रान्झिस्टर आले. ते खांद्याला अडकवून शेतात नेता येत, हा मोठाच फायदा. पण पेटीला स्वतःचा आवाज असतो. तिच्या भिंती थरथरतात, आत कोंडलेला आवाज शंकूतूनच परत बाहेर येतो आणि माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. काही लोक म्हणून फळीला धरून राहिले. जर्मनीत जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात काम केलेले अभियंते सिगफ्रिड लिंकविट्झ 2018 मध्ये वारले. उघड्या स्पीकरचे गणित त्यांनी नीट बसवून दिले.

आमच्या पालीहून एक रस्ता आंबा घाट चढून कोल्हापूरला जातो, आणि पुढे मिरज. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे मिरजेचे नाव गाण्यात झाले आणि सतारमेकरांमुळे वाद्यांत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा निवडताना कारागीर तो बोटाने वाजवून पाहतो, कारण तो गायला हवा. स्पीकरच्या लाकडाचे उलट आहे. त्याने गप्प बसायला हवे. गाणे गायकाचे आहे, त्यात पेटीने आपला सूर मिसळायचा नाही. मात्र जवारी काढण्याची जी रीत आहे, म्हणजे घोडीवर तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकवायचा आणि ऐकायचे, पुन्हा सरकवायचा आणि पुन्हा ऐकायचे, तीच रीत फळी लावतानाही उपयोगी पडते.

ही फळी मी घरी सुताराकडून करून घेतली आहे, तेव्हा अनुभवाचे चार शब्द सांगतो. पाऊण इंचाचे चांगले प्लायवुड किंवा जुन्या घराची जाड फळी घ्यावी. रुंदी दोन फूट धरली तर साधारण 250 ते 300 हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो. म्हणून स्पीकर मोठा, बारा किंवा पंधरा इंची लागतो, आणि खर्ज थोडा वाढवून द्यावा लागतो. भोक फळीच्या मधोमध पाडू नये. सगळ्या कडा सारख्याच अंतरावर आल्या की एकाच पट्टीत खड्डा पडतो. स्पीकरची चौकट आणि लाकूड यांच्यात सायकलच्या ट्यूबची पट्टी घालावी आणि मागून आडवे टेकू द्यावेत. खर्ज कमीच वाटला तर दोन्ही बाजूंना मागच्या अंगाला आठ-दहा इंचांचे पंख जोडावेत. फार खोल पंख नकोत, नाहीतर पुन्हा पेटीच होते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे भिंतीपासूनचे अंतर. फळी भिंतीपासून तीन-साडेतीन फूट पुढे असली तर मागचा आवाज भिंतीवर आपटून सुमारे 6 मिलिसेकंद उशिरा येतो. तेवढ्या उसंतीत कान मूळ आवाज वेगळा धरतो आणि खोली मोठी झाल्यासारखी वाटते. अंतर एकेक वीत बदलून पाहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. फळीच्या अगदी बाजूला उभे राहिलात तर आवाज बराच कमी येतो, कारण तिथे पुढचा आणि मागचा एकमेकांना मारतात. त्यामुळे बाजूच्या भिंतींवर कमी आवाज आपटतो. जांभ्याच्या कौलारू घरात आवाज कौलांतून, माळ्यावरून, दारांतून विरून जाई. आता स्लॅब आणि गुळगुळीत फरशी आल्यावर खोल्या घुमतात. अशा खोलीत ही फळी विशेष उपयोगी पडते.

पारख कशाने करावी? ढोलकीच्या दणक्याने नव्हे, ओळखीच्या माणसाच्या आवाजाने. आपला कान माणसाच्या आवाजातले खोटे लगेच पकडतो.

याचे मोल कोकणी माणसाला वेगळे सांगायला नको. आमच्याकडची मुले मुंबईला गेली, बोटीवर गेली, सत्तरच्या दशकापासून आखातात गेली. त्यांनी येताना टू-इन-वन आणले आणि त्याबरोबर कॅसेटवर पत्र पाठवण्याची चाल आली. मोठे भाई कुवेतला होते. त्यांची कॅसेट आली की मोहल्ल्यातल्या बायका ओटीवर जमत. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांनाही या पत्रासाठी कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे. अम्मी कॅसेट दोनदा ऐकत. पहिल्यांदा मजकूर, दुसऱ्यांदा आवाज. ‘खुशाल आहे’ म्हणताना त्याचा घसा बसलेला आहे का, हे त्यांना ऐकायचे असे. मग घरचे सगळे उलट बाजूवर उत्तर भरत.

अब्बांचा आवाज आज अशा एकाच कॅसेटवर शिल्लक आहे. साध्या प्लेअरवर ते काय बोलले ते समजत होते. फळीवर लावली तेव्हा बोलण्याआधीचा त्यांचा श्वास ऐकू आला आणि मागे विहिरीवरच्या रहाटाची करकर. ती विहीर आता वापरात नाही. भाईंनी ते ऐकले आणि काही न बोलता कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली.

अशा कॅसेट आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर, ट्रंकेत पडून आहेत. कोकणच्या पावसात त्यांना बुरशी लागते, फीत एकमेकीला चिकटते आणि जोर केला की तुटते. त्या उन्हात ठेवू नका, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवा. पांढरी बुरशी दिसत असेल तर जाणकाराकडून साफ करून घेतल्याशिवाय लावू नका. चांगली असेल तर प्लेअरचे हेड स्वच्छ पुसून एकदाच लावा, आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या. फळी, स्पीकर, भिंतीचे अंतर यांची हौस नंतर वर्षभर पुरवता येईल. कॅसेटचे काम मात्र येत्या पावसाळ्याआधी उरकलेले बरे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)