हवेतला बांध

बांधावरून होणारी भांडणं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. आज हवेतल्या बांधाची गोष्ट सांगतो.

आपण कोयनानगरच्या खोऱ्यात राहतो. एफएमच्या लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून आपल्याकडे रेडिओ खरखरतो. पण आवाज बुडायला आणखी एक कारण असतं, ते म्हणजे शेजारचं स्टेशन.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे त्यात तुमचा-आमचाही वाटा आला. २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओची परवानगी मिळू लागली. २००८ साली आपल्याच जिल्ह्यात, म्हसवडला, ‘माणदेशी तरंग’ सुरू झालं. पण अशा स्टेशनला ताकद ठरवून दिली ती १०० वॅटची, घरातल्या जुन्या मोठ्या बल्बाएवढी. आवाज पोचतो पाच-दहा किलोमीटर.

एवढ्याशा आवाजाचं मोठ्या शेजाऱ्यापुढे काय होतं? हा प्रश्न अमेरिकेत आधी उभा राहिला. तिथेही २००० साली १०० वॅटच्या छोट्या स्टेशनांना वाट मोकळी झाली. २००२ पासून मोठ्या स्टेशनांना जुन्या आवाजासोबत डिजिटल आवाज सोडता येऊ लागला. हा डिजिटल आवाज स्टेशनच्या जागेच्या दोन्ही कडांना, अगदी बांधाला लागून बसतो. म्हणून त्याची ताकद मूळ आवाजाच्या शंभरात एक भाग एवढीच ठेवली होती. पण तेवढ्यात तो घराच्या आत नीट पोचेना. २०१० साली ती मर्यादा चार भागांपर्यंत वाढवली, आणि अटी पाळल्या तर दहापर्यंत.

शेजारच्या स्टेशनांना भीती वाटली ती बांध कोरला जाण्याची. आवाज आधी बुडतो तो कडेच्या गावांत. स्टेशनजवळ राहणाऱ्याला काही कळतच नाही. म्हणून त्याच नियमात तक्रारीची सोय केली. निदान सहा ठिकाणच्या ऐकणाऱ्यांनी कुठे आणि कसा त्रास होतो ते सांगायचं, मग चौकशी. म्हणजे मोजमाप यंत्राचं असलं, तरी साक्ष ऐकणाऱ्यांची.

आता हे आपल्या दारातही येतं आहे. २०२५ साली ‘ट्राय’ने १३ शहरांत खासगी डिजिटल रेडिओची शिफारस केली. जुना आवाज आणि नवे डिजिटल आवाज एकाच वाट्यातून जावेत, असं त्यात म्हटलं आहे. त्या यादीत मुंबई आहे, पुणंही आहे. डिजिटल वाईट नाही, एका जागेत जास्त कार्यक्रम बसतात. पण आपल्या घरातल्या जुन्या रेडिओवर ते लागणार नाहीत, आणि १०० वॅटच्या शेजाऱ्याला जपायचं की नाही हे नियम लिहितानाच ठरतं.

बचतगटाची वही आपण दर महिन्याला लिहितोच. त्यात एक पान रेडिओचं ठेवू या. कुठल्या वाडीत, किती वाजता, कोणतं स्टेशन बुडालं आणि त्यावर कोणता आवाज चढला, एवढंच लिहायचं. बांध सरकल्यावर ओरडण्यापेक्षा खूण आधी रोवलेली बरी.