सुहैली आणि तिचे निनावी कर्ते

सागरी साहसाच्या वाङ्मयात वादळ नेहमी नावाड्याच्या तोंडून येते. ते स्वाभाविकच आहे. सोसून परतलेला तोच असतो. परंतु त्या वर्णनाला आणखी एक कर्ता असतो, आणि वाचकाचे त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची पृथ्वीप्रदक्षिणा मला या दृष्टीने पाहावीशी वाटते.

१४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडमधील फालमथ बंदरातून 'सुहैली' नौकेवर एकटेच निघाले. 'संडे टाइम्स'ने जाहीर केलेल्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत नऊ जण उतरले होते. कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता जगाला वळसा घालायचा होता. सुमारे बत्तीस फुटांची, दोन डोलकाठ्यांची ही नौका १९६३-६४ मध्ये मुंबईत, कुलाब्याला बांधली गेली. नॉक्स-जॉन्स्टन त्या काळी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत अधिकारी होते. आराखडा अमेरिकन रचनाकार विल्यम अ‍ॅटकिन यांचा, १९२०च्या दशकातला, म्हणजे तेव्हाच जुनाट ठरलेला. लाकूड सागवानी. हत्यारे म्हणजे वाकस आणि हाताने फिरवायचे गिरमिट.

सप्टेंबरमध्ये दक्षिण महासागरात शिरताच एका लाटेने नौका आडवी केली. आत झोपलेले नॉक्स-जॉन्स्टन भिरकावले गेले. नौका पुन्हा उभी राहिली, पण केबिन डेकवरून सरकली होती आणि जोडावर भेगा पडल्या होत्या. पिण्याचे पाणी नासले. तशीच दुसरी लाट आली असती तर केबिनचे छप्परच उडाले असते आणि नौकेत समुद्र शिरला असता.

अशा समुद्रात खरा धोका वाऱ्यापेक्षा वेगाचा असतो. मागून येणारी लाट नौकेला उचलते. उतारावरून ती घसरत सुटते, सुकाणू निकामी होते, नौका लाटेला आडवी जाते आणि उलटते. म्हणून ते शिडे उतरवून जाड दोराचे लांबलचक वेटोळे पाठीमागे पाण्यात सोडत. त्याच्या ओढीने वेग आवरला जाई. सुहैलीची मागची बाजूही पुढच्यासारखीच निमुळती असल्याने लाट तिच्यावर आदळण्याऐवजी दुभंगून जाई. हे ज्ञान आराखड्यातले. पण ते सागवानात उतरवले कुलाब्याच्या सुतारांनी.

अर्थात त्यांचे काम निर्दोष होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. अटलांटिकमध्येच पाण्याखालच्या फळ्यांच्या सांध्यातून गळती सुरू झाली होती, आणि नॉक्स-जॉन्स्टन यांना बुडी मारून त्या फटी कापसाने बुजवाव्या लागल्या होत्या. तरीही २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, फालमथला परतलेली नौका एकच होती. शर्यतीच्या इतिहासात नावाड्याचे नाव आहे, रचनाकाराचे आहे. वाकस चालवणाऱ्यांचे कोणी घेत नाही.

अर्धशतकानंतर त्याच शर्यतीची पुनरावृत्ती झाली, तेव्हा भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी सुहैलीच्या प्रतिकृतीतून, 'थुरिया'तून निघाले. ती गोव्यात, रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली. या वेळी निदान बांधणाऱ्याचे नाव नोंदले गेले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या. टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले, तोवर ते त्याच नौकेच्या आत पडून होते, आणि ती तरंगत होती.