इंजिनियरचें शिक्षण व पुराणवस्तुसंशोधन

एकाच विषयांत आयुष्य वेंचणाऱ्या पंडितापेक्षां इंजिनियरचें शिक्षण घेतलेला मनुष्य अधिक चौरस बुद्धीचा निपजतो, असा एक पक्ष आहे. त्याचें बलाबल पाहण्यास जनरल अलेक्झांडर कनिंगहॅम यांचें उदाहरण आम्हांस सोयीचें वाटतें.

कनिंगहॅम (१८१४–१८९३) हे मूळचे इंजिनियर. ॲडिस्कोंब येथील कंपनीच्या विद्यालयांत शिकून ते १८३३ सालीं बंगाल इंजिनियर्समध्यें रुजू होऊन हिंदुस्थानांत आले. सारनाथच्या धामेक स्तूपांत माथ्यापासून तळापर्यंत विहीर खणून त्यांनीं त्याची रचना तपासली, तेव्हां त्यांचें वय अवघें एकवीस वर्षांचें होतें. पुढें चिनी यात्रेकरूंनीं दिलेलीं अंतरें जमिनीवर पडताळून व अवशेषांचा विस्तार पाहून त्यांनीं १८६३-६४ मध्यें तक्षशिलेचें स्थान शाहढेरीजवळ ठरविलें. तें बरोबर होतें, हें मार्शल यांच्या १९१३ पासूनच्या उत्खननानें सिद्ध झालें. मोजमाप, नकाशा व दगडविटांची पारख ही त्या शिक्षणाचीच देणगी होय.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हडप्पा येथील प्राचीन विटा लाहोर–मुलतान लोहमार्गाखालीं सुमारें शंभर मैल अंथरल्या गेल्या, अशी नोंद खुद्द कनिंगहॅम यांनींच केली आहे. तो मार्ग बांधणारेही इंजिनियरच. विद्या एकच; एकानें विटेंत इतिहास पाहिला, इतरांनीं खडी पाहिली. शिवाय १८७५ सालीं हडप्पाची मुद्रा प्रसिद्ध करतांना कनिंगहॅम यांनींही ती परदेशी मानली. तिचें खरें प्राचीनत्व १९२४ नंतरच जगास कळलें. अशोकाच्या लेखांचा त्यांनीं १८७७ मध्यें काढलेला संग्रह तर १९२५ मध्यें हुल्ट्श या भाषापंडितास नव्यानें संपादावा लागला.

यावरून आमचें मत असें होतें कीं, या शिक्षणानें कनिंगहॅम यांना साधनें दिलीं, जिज्ञासा दिली नाहीं. ती त्यांना १८३७ सालीं ब्राह्मी लिपि उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांच्या सहवासांत लाभली. तेव्हां स्थापत्यविद्या ही एका विषयाच्या सखोल व्यासंगाची जागा घेऊं शकत नाहीं. ती त्याची उत्तम सोबतीण मात्र आहे.

कागदपत्रांच्या संग्राहकांस यांत एक सूचना आहे. जुन्या पत्रांत एखाद्या बुरुजाचा, बंधाऱ्याचा वा घाटाचा उल्लेख सांपडल्यास केवळ वाचन छापून थांबूं नये. जाणत्या मोजणीदारास बरोबर घेऊन तें स्थळ मोजून घ्यावें. कागद जपला तर तो पुन्हां वाचतां येतो. एकदां खडी झालेली भिंत पुन्हां मोजतां येत नाहीं.