पुरावा कोणी द्यायचा?

नीती आणि कायदा माणसाला जखडतात की मोकळे करतात, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी पुष्कळ घोळवला आहे. आम्ही तो ग्रंथांतून न उचलता जिल्ह्याच्या जमिनीवरून उचलत आहोत. आदिलाबादेत गेल्या शतकात त्याची दोन्ही उत्तरे लोकांनी भोगली, आणि त्या भोगात आपल्या घराण्यांचाही वाटा आहे.

जैनथची काळी सपाटी जुन्या वस्तीची. परमार जगद्देवाच्या काळातला येथील शिलालेख सुमारे नऊशे वर्षांचा आहे. पैनगंगा ओलांडून आलेल्या आपल्या पूर्वजांना ही भूमी परकी वाटली नाही. आग्नेयेच्या डोंगरात, उटनूर-केरामेरीकडे, रीत निराळी होती. तेथील गोंड हलक्या जमिनीवर दोन-तीन वर्षे पीक घेत, मग ती पडीक टाकून दुसरी धरीत आणि काही वर्षांनी पहिलीकडे परतत. कोणी कोठे नांगर धरावा, हे गावच्या पाटलाच्या शब्दाने ठरे. कागद नव्हता, नियम मात्र होता.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत निजाम सरकारने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या. विसाव्यासाठी पडीक टाकलेली शेते जंगलात जमा झाली. उरलेल्या जमिनीचा पट्टा अर्ज करील त्याला मिळे. कायदा वरवर पाहता समान होता; अर्ज गोंडालाही खुला होता आणि आपल्यालाही. पण दफ्तर उर्दूत, कचेरी दूर, आणि वाटेत पटवारी, गिरदावर, जंगलखात्याचा शिपाई. ज्यांना कागद कळत होता त्यांच्या नावे पट्टे झाले. गोंड मात्र ‘शिवाय-जमाबंदी’वर, म्हणजे मालकीहक्काविना, कसत राहिला. आपल्यापैकी अनेकांनी घाम गाळून रान मोडले, हे खरे. तथापि ज्या कायद्याने आपल्याला मोकळे केले त्यानेच शेजाऱ्याला जखडले, हेही तितकेच खरे.

या कोंडीतून कुमराम भीमाचा लढा उभा राहिला. अर्ज-विनंत्या निष्फळ ठरल्यावर त्याने शस्त्र धरले आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे तो पोलिसांच्या गोळीबारात पडला. त्यानंतर सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या मुलखाचा अभ्यास करण्यास सांगितले. त्यांच्या शिफारशींवरून गोंडांना पट्टे देण्यास आरंभ झाला. १९४३ मध्ये मारलावाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथील गोंडी क्रमिक पुस्तके देवनागरीत छापली गेली, हे आपण विसरू नये. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत दरबार भरू लागला. कचेरीपर्यंत न पोहोचणाऱ्यांकडे कचेरीच चालून आली.

पुढचा टप्पा आपल्या जिव्हारी लागणारा आहे. १९५९ चा जमीन हस्तांतरण विनियम १९६३ मध्ये तेलंगणात लागू झाला आणि १९७० च्या दुरुस्तीने तो कडक झाला. अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीच्या ताब्यातील जमीन मूळ आदिवासीकडूनच आली, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरावे, असे त्यात म्हटले. बिगर-आदिवासींचे आपापसांतील व्यवहारही बंद झाले. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला.

याची झळ सावकारालाच लागली असे नाही. मुलीच्या लग्नासाठी चार एकर विकू पाहणाऱ्या सामान्य कुणब्यालाही लागली. त्याची तक्रार आम्ही खोटी म्हणत नाही. पण या कायद्याने नेमके काय बदलले? पूर्वी ‘ही जमीन माझी’ हे गोंडाने सिद्ध करायचे होते, आणि त्याच्यापाशी कागद नव्हता. आता ते आपल्याला सिद्ध करावे लागते. बंधन नवे जन्मले नाही. ते खांदा बदलून आपल्याकडे आले. अर्थात कायद्याने गोंडाची सारी दुःखे फिटली नाहीत. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला, तेव्हा हे सर्व कायदे पुस्तकांत होतेच.

यावरून आम्हांस वाटते की, कायदा स्वभावतः बेडीही नव्हे आणि किल्लीही नव्हे. पुराव्याचा भार तो कोणावर टाकतो, यावर ते ठरते. जो भार पेलू शकतो त्याच्यावर तो टाकला, तर त्याचा हात थोडा बांधला जातो आणि दुसऱ्याचे पाऊल मोकळे होते. पण असा कायदाही बेनामी कागदांनी पोखरता येतो. तेथे नीतीचे काम सुरू होते.

२००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी वडीलधाऱ्यांचा लेखी उतरवलेला जबाबही पुरावा मानला. जे गोंडाचा पाटील तोंडी सांगत आला, त्याला अखेर दफ्तरात जागा मिळाली. आपल्या घरांतही अद्याप काही वृद्ध आहेत. आपल्या पेटीतील पट्ट्याआधी त्या शेतात कोणाचा नांगर होता, हे त्यांना ठाऊक असते. ते सांगण्याची सक्ती कोणताही कायदा करीत नाही. म्हणूनच ते सांगावे की नाही, हा प्रश्न सर्वस्वी आपला आहे.